आबांच्या वहीचं आठवं पान

"ताई, दुपारच्या लोकसंगीतात तुमचं हे अगदी शोभून दिसेल," असं म्हणत अध्यक्षांनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली.

जळगावात मी सत्तावीस वर्षं शाळेत गाणं शिकवते आहे. बशी पुढे सरकवून नकार द्यायची रीत मला तोंडपाठ आहे. इथल्या एका संगीत मंडळाचं दर हिवाळ्यात संमेलन भरतं. सकाळचं सत्र शास्त्रीय गायनाचं, दुपारचं लोकसंगीताचं. सकाळी व्यासपीठावर पांढऱ्या चादरी अंथरतात आणि दुपारी त्या काढून ठेवतात. मी सकाळची वेळ मागायला गेले होते, आणि माझ्या पिशवीत माझ्या वडिलांची, आबांची, वही होती.

"हे लोकसंगीत नाही," मी म्हटलं. "नाटकातली सात पदं आहेत. मी ती रागांत बांधली आहेत."

"पण भाषा अहिराणी आहे ना?" अध्यक्ष हसले. माणूस तसा गोड आहे. वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत बसून मान डोलवतो, कुणाचीही सम चुकली की त्याच्या भुवईला कळतं. "अहिराणीत ख्याल बसत नाही हो. शब्द अंगावर येतात. बरं, एखादं म्हणून तर दाखवा."

मी तिसरं पद म्हटलं. वहीत त्यावर 'राग तोडी' असं लिहिलेलं होतं आणि मी ते तोडीतच बांधलं होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "तोडी आहे खरी," ते म्हणाले, "पण काहीतरी जमत नाहीये. महिनाभरानं या, तेव्हा बघू." मग त्यांनी वही चाळली, पदांवरची रागांची नावं वाचली आणि शेवटी विचारलं, "वडील काय करायचे?"

"तांब्याच्या कारखान्यात भाता ओढायचे."

"अच्छा," ते म्हणाले, आणि वही मिटून बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवली. तो अच्छा अजून माझ्या कानात आहे.

ख्याल ज्या ब्रज भाषेत गातात ती जळगावात कोण बोलतं, हा प्रश्न मला तिथे सुचायला हवा होता. तो सुचला तिसऱ्या दिवशी, सोनगीरला जाताना, एरंडोलच्या स्टँडवरून बस सुटल्यावर. आमची उत्तरं अशीच बस सुटल्यावर येतात.

आबा सोनगीरचे. किल्ल्याच्या पायथ्याशी आमची बौद्धवस्ती. सोनगीरचे हंडे-घागरी सगळ्या खान्देशात जायचे, तेव्हाच्या काळात आबा एका कारखान्यात कामाला होते. शाळा चौथीपर्यंतच झालेली. माझ्या जन्माच्या आधी, बुद्धपौर्णिमेला विहारापुढे करायला म्हणून त्यांनी एक नाटक लिहिलं. गोष्ट कुठल्या ग्रंथातली नाही, त्यांच्याच डोक्यातली आहे. एक भिक्खू फिरत फिरत सोनगीरला येतो. भिक्खू सोनगीरला कधी आला होता, असं कुणी विचारलं की आबा खालच्या आग्रा रोडकडे बोट दाखवायचे. "इतला मोठा रस्ता शे. उना व्हई." एवढा मोठा रस्ता आहे, आला असेल.

भिक्खू झाडाखाली बसतो. गावातली लेकरं त्याच्याभोवती नाचतात. मोठी माणसं ताटं घेऊन येतात आणि बजावतात, की ती लांबवर गवत कापणारी बाई आहे ना, तिच्या हातचं घेऊ नका. त्या बाईला गावात कुणी नावानं हाक मारत नाही. गाव तिला नुसतं 'ए' म्हणतं. शेवटी भिक्खू उठतो, ताटं ओलांडून तिच्यापाशी जातो आणि सातव्या पदात तिला विचारतो, "माय, तुन्हं नाव काय शे?"

आणि नाटक तिथेच संपायचं. बाई विळा हातात धरून उभी, ढोलकी थांबलेली, मग सगळी वस्ती "साधु, साधु, साधु" म्हणायची. लहानपणी मला ते अजिबात पटायचं नाही. ती नाव का सांगत नाही, म्हणून मी आबांना छळायचे. ते म्हणायचे, "तिन्ही चालच उनी नई, माय." तिची चाल यायची राहून गेली. म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही. पोरांना सगळ्याच गोष्टी अर्धवट सांगतात, तशीच ही एक असेल असं वाटलं.

वहीत एका पानावर एक पद होतं. पहिल्या पदावर नाव नव्हतं. दुसऱ्यापासून प्रत्येक पदाच्या डोक्यावर आबांच्या ठसठशीत अक्षरात एकेक रागाचं नाव होतं. सात पानं भरलेली. आठव्या पानावर 'राग भैरवी' एवढंच लिहिलेलं, आणि खाली पान कोरं.

मी अकरा वर्षांची असताना आबांनी मला धुळ्याला एका गाणाऱ्या बाईंकडे नेलं. बाईंनी माझा आवाज ऐकला, खूश झाल्या आणि म्हणाल्या, "आवाज देणगीचा आहे. जिभेवरची माती तेवढी धुऊन ये." बाई वाईट नव्हत्या. मला त्यांनी जे दिलं ते जन्मभर पुरतंय, आणि फीसाठी कधी थांबवलं नाही. पण मी ती माती अशी काही घासून काढली, की वर्षभरात घरीसुद्धा पुस्तकातलं बोलायला लागले. आबा अहिराणीत विचारायचे आणि मी रेडिओवरच्या बाईसारखी उत्तरं द्यायची. त्यांना त्याचा अभिमानच वाटायचा, ही आणखी वाईट गोष्ट.

पुढे मी परीक्षा दिल्या, जळगावात नोकरी लागली, आणि दर पौर्णिमेला गावी गेले की आबा एकच म्हणायचे, "माय, मन्हं नाटक तुन्हा गानामा बसाड." मी म्हणायचे, बघू. पंचवीसेक वर्षं मी बघू म्हटलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. ढोलकीवर गायलेली ती पदं आणि त्यांच्या डोक्यावर ऐटीत लिहिलेली रागांची नावं. चौथी शिकलेल्या माणसानं हौसेनं लिहिली असतील, असं माझं ठाम मत होतं. ज्या माणसानं मला सूर दाखवला त्याच्याबद्दल मी असा विचार करत होते, हे लिहून टाकलेलंच बरं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, की आबांचा उजवा कानही चाललाय. डावा तरुणपणीच हातोड्यांनी खाल्ला होता. कानाचं यंत्र त्यांना नको, त्यात सूर फाटतो म्हणतात. म्हणजे एकच कान, आणि तोही मोजक्या दिवसांचा. तेव्हा कुठे मला जाग आली. हा कान आहे तोवर त्यांचं नाटक पुरं व्हायला हवं होतं. वस्तीत ढोलकीवर ते त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. मला ते त्यांना पांढऱ्या चादरीवरून ऐकवायचं होतं, जिथे आमच्या घरातलं कुणी कधी बसलं नव्हतं.

तर अध्यक्षांनी महिन्याची मुदत दिल्यावर मी सोनगीरला गेले. आबा अंगणात खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले, मोबाइलवरचा तानपुरा लावला आणि तेच तिसरं पद गायला लागले. लेकरं भिक्खूभोवती नाचतात ते. मोठ्या कौतुकानं आलाप घेतला. दोन ओळी होईपर्यंत आबांनी हात वर केला.

"त्या लेकरं नाची ऱ्हायनात का रडी ऱ्हायनात?"

"आबा, तोडी आहे ही. गंभीर राग आहे."

"मंग लेकरंसले कसाले?"

"तुम्हीच लिहिलंय! हे बघा, राग तोडी."

त्यांनी वही डोळ्यांशी नेली, आपलं अक्षर ओळखलं आणि शांतपणे म्हणाले, "मंग तुन्ही तोडी खोटी शे. हाई मन्हं नई."

मी चिडले. एवढ्या परीक्षा, एवढी वर्षं, आणि माझी तोडी खोटी! मी त्यांना म्हटलं, तुम्हीच गाऊन दाखवा मग. ढोलकी नाही, टाळ्या नाहीत, सावकाश. आबांनी खुर्चीच्या हातावर बोटानं ठेका धरला आणि त्यांच्या त्या चिरक्या, बसलेल्या आवाजात ते गुणगुणले. वस्तीच्या ढोलकीत जे मला कधी ऐकू आलं नव्हतं ते आता स्वच्छ दिसत होतं. तोडी नव्हतीच ती. तो बिलावल होता, उन्हात वाळत घातलेल्या धुण्यासारखा लख्ख. एकही स्वर घसरलेला नव्हता. चौथी शिकलेल्या माणसाचा बिलावल बाईंच्या बिलावलापेक्षा रेसभर कमी नव्हता.

मी दुसरं पद म्हणायला लावलं. त्यावर लिहिलं होतं भैरव, आणि आबा गायले ती तोडी. खरी तोडी. चौथ्यावर लिहिलं होतं बिलावल आणि चाल निघाली रामकलीची. आता माझा पारा उतरला. चाली सगळ्या अस्सल, नावं सगळी चुकलेली. असं कसं होईल?

"आबा, ही नावं तुम्हाला कुणी सांगितली?"

"रेडूनी," आबा म्हणाले. म्हणजे रेडिओनं. आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी मी इतक्या वर्षांत एकदाही विचारली नव्हती.

कारखान्याच्या मालकाला गाण्याचा नाद होता. दर रविवारी सकाळी त्याच्या फळीवरच्या रेडिओवर अर्धा तास शास्त्रीय गाणं लागायचं, एका वेळी एकच राग. तोवर आठ-दहा हातोडे तांब्यावर बडवत असायचे, त्यामुळे निवेदक आधी काय बोलतो ते कुणालाच ऐकू यायचं नाही. तंबोरा सुरू झाला की मालक हात वर करायचा. हातोडे थांबायचे, आबांचा भाताही थांबायचा. अर्धा तास सगळ्या कारखान्यात फक्त गाणं. गाणं संपलं की निवेदक रागाचं नाव घ्यायचा, आणि तेवढं एक नाव कानावर पडतं न पडतं तोच मालकाचा हात खाली यायचा आणि पुन्हा बडवाबडवी सुरू.

आबांना वाटलं, हे पुढच्या रविवारच्या गाण्याचं नाव.

मला हसू आलं तसं ते रागावले. "हसस काय? आपला जलसामा काय व्हस? नाव पयलं सांगतस, मंग गानं गातस. व्हई गयेल गानानं नाव कोनी सांगस का?"

खरंच होतं ते. आमच्या जलशात सूत्रधार पुढे येऊन जे येणार त्याचं नाव सांगतो. जे होऊन गेलं त्याचं नाव सांगायला कोण थांबतं? जन्मभर नाव आधी आणि गाणं मागून ऐकलेल्या माणसानं शेवटी ऐकलेलं नाव आठवडाभर जपून ठेवायचं आणि पुढच्या रविवारी येणाऱ्या चालीला ते द्यायचं, हे अगदी सरळ होतं. आबांनी एकेका रविवारी एकेक चाल उचलली. घरी येऊन त्यावर एक पद रचलं आणि वर आधीच मिळालेलं नाव लिहिलं. म्हणून पहिलं पद बिननावाचं होतं.

"मग आठवं?" मी विचारलं. "भैरवी लिहून पान कोरं ठेवलंय ते?"

आबांनी तेही सांगितलं. सातव्या रविवारी भाता ओढता ओढता ते ऐकलेली चाल गुणगुणत होते. मालकानं ते ऐकलं. तो म्हणाला, "हाऊ रेडू मी मन्हासाठे लायेल शे, भाता ओढणारासाठे नई." पुढच्या रविवारी फळी रिकामी होती. रेडिओ त्यानं घरात नेला होता. आबांच्या हातात फक्त नाव उरलं, भैरवी. तिची चाल यायची होती. त्या चालीत ती गवत कापणारी बाई आपलं नाव सांगणार होती. आबांनी वाट पाहिली, दुसऱ्या कारखान्यांच्या दारात उभे राहिले, पण ती चाल आली नाही. नाटक अर्धंच राहिलं, असं ते पन्नासएक वर्षं धरून बसले होते.

मी वही घेतली आणि पेन्सिलीनं एकेक नाव एक पान मागे सरकवलं. भैरव पहिल्या पदावर गेला आणि बरोब्बर बसला. तोडी दुसऱ्यावर, बिलावल लेकरांवर, रामकली चौथ्यावर, जौनपुरी पाचव्यावर, ललत सहाव्यावर. आणि आठव्या कोऱ्या पानावरची भैरवी सातव्यावर आली. "माय, तुन्हं नाव काय शे?" ही ओळ मी मनात म्हणून बघितली. लहानपणापासून ऐकत आलेली ती चाल भैरवीच होती. मला रडू फुटलं, आणि मी ते आवरलंही नाही.

"आबा," मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितलं, "भैरवी तुमच्याकडेच होती. सातवं पद म्हणजेच भैरवी. शेवटचं गाणं राहिलेलं नव्हतंच."

त्यांना ते उमगायला वेळ लागला. बोटं मोजत त्यांनी सगळे रविवार एकदा मागे आणि एकदा पुढे फिरवले. मग हळूहळू चेहरा उजळत गेला आणि ते खुर्चीत ताठ बसले.

"म्हंजे मालक रेडू घरमा लई गया, तं मन्हं काय लई गया?"

"काहीच नाही."

"काहीच नई!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "बठ्ठं मन्हापानच व्हतं!" सगळं त्यांच्यापाशीच होतं, हे ते इतक्या जोरात ओरडले की शेजारची माणसं बघायला आली. मालक जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आबांनी त्या अंगणात बसल्या बसल्या त्याला हरवलं.

मग हसणं ओसरल्यावर त्यांनी आठवं पान उघडलं आणि त्यावरून हात फिरवला. "मंग तिन्ही चाल कोठे शे?"

भिक्खूचा प्रश्न भैरवीत झाला होता. बाईचं उत्तर कुठल्याच रेडिओवर नव्हतं.

"तू लई ये," आबा म्हणाले. "इतलं शिकनी, एक चाल लई ये."

महिन्यानं मी पुन्हा अध्यक्षांकडे गेले. या वेळी बिलावलातलं लेकरांचं पद म्हटलं. त्यांची मान हलली. बरीच हलली, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती थांबवली. "चाल सुंदर आहे. पण अहिराणी..."

बस सुटल्यावर सुचलेलं उत्तर मी महिनाभर सांभाळून आणलं होतं. "साहेब, ब्रजातली गवळण पाण्याला निघते, तिची घागर फुटते, त्यावर आपण तासतास मान डोलवतो. जळगावात ब्रज कोण बोलतं? ती घागर चालते आणि सोनगीरची चालत नाही? घागरी तर आमच्याकडे घडतात."

ते हसले, पण या वेळी बशी पुढे आली नाही. मग कुठलं पद खरं कुठल्या रागात आहे तेही मी त्यांना सांगितलं. सकाळची चाळीस मिनिटं द्यायला ते तयार झाले. अटी दोन. भैरवी झाली की थांबायचं, कारण भैरवीनंतर गायचं नसतं, आणि पत्रिकेत रागांची नावं दुरुस्त करून छापायची.

"नावं वहीत आहेत तशी छापा," मी म्हटलं.

"अहो, बिलावल गाणार आणि वर तोडी छापणार? लोक हसतील!"

"हसू द्या."

का, ते मी त्यांना सांगितलं नाही. दुरुस्त करणं सोपं होतं, पेन्सिलीनं मी ते केलंही होतं. पण ती नावं आबांनी हातोड्यांच्या दोन घावांच्या मधल्या जागेतून उचललेली होती. ती खोडून वर शहाणपणाची नावं लिहायची म्हणजे रेडिओ पुन्हा घरात नेऊन ठेवण्यासारखं होतं. मी पेन्सिल पुसून टाकली.

"तुमच्या जबाबदारीवर," अध्यक्ष म्हणाले.

आठव्या पदाचे मात्र हाल चालले होते. कागदावर मी मराठीत ओळी लिहायची आणि फाडायची. नंतर त्यांचीच अहिराणी करायची, तीही फाडायची. ती बाई माझ्या तोंडून बोलायलाच तयार नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. चाळीस वर्षं मी तिला 'ए'च म्हटलं होतं ना.

अध्यक्षांकडून निघून मी तशीच धुळ्याच्या बसमध्ये बसले होते. डोक्यात त्यांचं "लोक हसतील" घोळत होतं. मी पुटपुटत भांडत होते, आणि पारोळा मागे पडल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी अहिराणीत भांडते आहे. हसतीन तं हसू देत, मी काब्र भ्याऊ! शेजारची बाई डोळे मोठे करून बघत होती. पुटपुटणं हळूहळू एका लयीला लागलं आणि त्या लयीला स्वर फुटले. तिकिटाच्या मागे लिहायला जागा कमी पडली म्हणून मी मोबाइलमध्ये गाऊन ठेवलं. सगळ्या बसमध्ये, खुशाल. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोनं गानं शे हाई?" मी म्हटलं, "मन्हं." चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती भाषा परक्या माणसासमोर माझ्या तोंडून आली होती.

संमेलनाच्या सकाळी आबांना पहिल्या रांगेत अगदी कडेला बसवलं, म्हणजे उजवा कान व्यासपीठाकडे राहील. पांढरा सदरा, पांढरी टोपी. वस्तीतल्या पाच बायका माझ्या मागे धृपद धरायला बसल्या होत्या. पांढऱ्या चादरीवर बसताना त्या एकमेकींना चिमटे काढत होत्या.

हातात पत्रिका घेतलेले जाणकार दुसऱ्याच पदाला चुळबुळ करायला लागले. पत्रिकेत भैरव, कानावर तोडी. तिसऱ्याला उघड कुजबुज. कुणीतरी हसलंही. मी काहीही खुलासा केला नाही. मी आबांकडे बघत होते. तिसऱ्या पदाला ते खुर्चीच्या हातावर ठेका धरत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर लेकरं नाचत होती. हळूहळू पत्रिका मांडीवर खाली आल्या. सहाव्या पदाला सभागृहात कुणी हलत नव्हतं, अध्यक्षसुद्धा.

सातवं पद आलं. "माय, तुन्हं नाव काय शे?" भैरवी मी कधी तशी गायले नव्हते आणि पुन्हा गाईन असंही नाही. ती संपली. टाळ्या झाल्या. लोक शाली सावरायला लागले, मागच्या रांगेत पिशव्या उचलल्या गेल्या, अध्यक्ष आभार मानायला उठले. आबा मात्र बसूनच होते, मान माझ्याकडे वळवून.

मी तानपुरा थांबू दिला नाही. आठवं पान उघडलं आणि गायला लागले.

"आजलोंग कोनी पुसं नई, आते पुसं तं ऐक,
मन्हं नाव मीच सांगसू, दुसरं कोनी नई."

"भैरवी झाली!" मागून कुणीतरी ओरडलं. आजवर कुणी विचारलं नाही, आता विचारलंस तर ऐक, ही ओळ मी पुन्हा घेतली. मागच्या पाच बायकांनी ती उचलली, आणि त्यांना भैरवीचा नियम कुणी सांगितलेलाच नव्हता, म्हणून त्या पोटातून गायल्या. उठलेली माणसं उभ्या उभ्या ऐकत राहिली. काही बसली. संपल्यावर टाळ्यांच्या आधी मागच्या बायकांनी सवयीनं हात जोडून "साधु, साधु, साधु" म्हटलं आणि आबांनी त्यांच्यात आपला आवाज मिसळला.

अध्यक्ष माझ्याकडे आले. चेहरा कडू होता, पण डोळ्यांत कुतूहल होतं, आणि गाण्याच्या माणसाला ते लपवता येत नाही. "नियम मोडलात," ते म्हणाले. "ते असू द्या. हे शेवटचं होतं कुठल्या रागात? पत्रिकेत नाही, आणि मला पकडता येत नाही."

"आमच्या वहीत नाव पुढच्या पानावर असतं," मी म्हटलं, "आणि वही इथेच संपते."

आबा काठी टेकत तोवर जवळ आले होते. त्यांना आमचे ओठ हललेले दिसले, ऐकू आलं नाही. उजवा कान माझ्या तोंडाशी आणून त्यांनी विचारलं, "काय म्हनस तो?"

"नाव पुसी ऱ्हायना, आबा."

आबांनी अध्यक्षांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या हातातली वही काढून आपल्या काखेत घातली.

"पुसू दे," ते म्हणाले.